दारातला खड्डा आणि माकणीचं धरण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी किल्लारीचा. गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग हमखास विचारतो, "त्या रात्री तुम्ही गावातच होता का?" होतो. तारीख ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे. त्यांतली दोन माणसं आमच्या घरातली होती.

पण आज मला भूकंपाबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय ते पिण्याच्या पाण्याबद्दल. अडचण एवढीच की, किल्लारीचा माणूस पाण्याबद्दल बोलायला लागला की फिरून भूकंपापाशीच येतो. त्याचं कारण आहे माकणीचं धरण.

निम्न तेरणा प्रकल्प हे त्याचं कागदावरचं नाव. आम्ही माकणीचं धरण म्हणतो. भूकंपाच्या आधी काही वर्षंच तिथं पाणी अडवायला सुरुवात झाली होती. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे धक्के बसू लागले, जमिनीतून गुरगुर ऐकू यायची, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी पहिलं बोट धरणाकडेच दाखवलं. १९६७ चा कोयनेचा भूकंप लोकांच्या ध्यानात होता. शास्त्रज्ञांत यावर मतभेद झाले. जलाशयाच्या पाण्यानं भूगर्भातला ताण मोकळा झाला असावा, असं काहींनी मांडलं. एवढ्या लहान जलाशयानं एवढा मोठा भूकंप होणार नाही, असं इतरांनी सांगितलं. मी विज्ञानाचा शिक्षक, त्यामुळे दोन्ही बाजू वाचत राहिलो. माझ्या आईनं मात्र निकाल त्याच आठवड्यात दिला होता. "मातीला पाणी पेललं नाही," ती म्हणाली, आणि तिच्यापुरता विषय मिटला.

पुढं पुनर्वसन झालं. बावन्न गावं मूळ जागेवरून उठून नव्या जागी वसली. सरळ रस्ते आले, घरांना क्रमांक आले, दारात नळ आले. आणि त्या नळांना पाणी आलं ते माकणीच्या धरणाचं! किल्लारीसह तीस खेड्यांची पाणीपुरवठा योजना त्याच धरणावर उभी राहिली. दुसरं पाणी आणायचं तरी कुठून? मराठवाड्यात निवड करायला पाणी असतंच किती! आईनं नळाचं पाणी धुण्याभांड्याला घेतलं. पिण्यासाठी मात्र आमच्या परसातल्या बोअरचं. "ज्या पाण्यानं घर खाल्लं ते माझ्या तोंडाला लावू नका," असं तिनं बजावून ठेवलं होतं. आम्हीही कधी वाद घातला नाही. तिची दोन माणसं गेली होती.

श्रोतेहो, आता २०२२ च्या जूनमध्ये येऊ. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि आठ दिवसांत आमच्या गल्लीत अकरा जणांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माझी सहा वर्षांची नातही त्यांत होती. तिच्या इवल्या हाताला सलाईन लावलेलं बघताना काय वाटलं, ते घरात लहान मूल असणाऱ्याला सांगायला नको. गल्ली तापली. "धरणाचं पानी घाण यायलंय, दुसरं काय!" हे ज्याच्या-त्याच्या तोंडी. जाणता म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, चांगलं दोन पानी, कडक भाषेत. चाळीस जणांच्या सह्या झाल्या.

निघायच्या वेळी गल्लीतलीच एक सूनबाई पुढं आली. गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण मिळालं होतं, त्यांतली ती एक. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं, त्यात प्रत्येक गावात अशा पाच महिला तयार करायच्या आणि त्यांच्या हाती तपासणीची पेटी द्यायची, अशी तरतूद आहे. पेट्या आल्या, हे आम्हाला माहीत होतं. त्या उघडायच्या असतात, हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "गुरुजी, निवेदन देऊच. पन आधी बाटल्या भरू. धरणाचंच पानी घाण हाय हे आपल्याला कुठं ठावं हाय?"

माझीच विद्यार्थिनी. मला मागं सरायला जागाच नव्हती.

ही बाटली साधी असते. आत औषध असतं, खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि उबदार जागी ठेवायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याशी संबंधित जंतू असण्याचा संशय धरायचा. आम्ही पाच बाटल्या भरल्या. एक टाकीत येणाऱ्या पाण्याची, दुसरी टाकीतून निघणाऱ्या पाण्याची, तिसरी गल्लीतल्या पहिल्या नळाची, चौथी माझ्या नळाची आणि पाचवी आमच्या बोअरची.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तिन्ही बाटल्या स्वच्छ होत्या. चौथी काळीकुट्ट. म्हणजे धरणातून आलेलं, शुद्ध केलेलं पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत नीट येत होतं आणि माझ्या दारात येऊन बिघडत होतं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. नळाला दाब कमी, म्हणून गल्लीत आम्ही बहुतेकांनी दारात खड्डा खणून नळ खाली घेतला होता. खाली घेतला की धार जरा मोठी येते. त्यावर मोटार लावली की आणखी मोठी. पण पाणी येतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तासभर. बाकीचा वेळ नळी रिकामी. खड्ड्यात सांडपाणी साचतं, शेजारून गटार वाहतं, पहिल्या पावसात ते सगळं एक होतं. पाणी बंद झाल्यावर नळीत पोकळी तयार होते आणि खड्ड्यातली घाण आत ओढली जाते. मोटार लावली की ती याच कामाला जोर देते. पुढच्या खेपेला तेच पाणी हंड्यात.

मी चौतीस वर्षं मुलांना हवेचा दाब शिकवला. पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा करून दाखवला. पाणी पिण्याच्या नळीतून वर का चढतं, ते फळ्यावर काढलं. आणि माझ्या दारातली मोटार गटाराचं पाणी ओढते आहे, हे मला सुचलं नाही. गल्लीत सगळ्यांत खोल खड्डा माझा होता. निवेदनाचा कागद मी घडी करून खिशात घातला. तो आजही कपाटात आहे.

आता पाचवी बाटली, बोअरची. ती फारशी काळी पडली नव्हती, म्हणून मी निश्चिंत होणार होतो. पण पेटीत दुसऱ्याही तपासण्या असतात. नायट्रेटच्या तपासणीत पाण्याला रंग चढला. आम्ही तोच नमुना प्रयोगशाळेत पाठवला. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. आमचं पाणी त्या रेषेच्या वर निघालं. तान्ह्या बाळाच्या पोटात असं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते, बाळ निळं पडू शकतं. आणि एक गोष्ट माझ्या बहिणींनी नीट लक्षात ठेवावी: उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की ते दाट होतं. हे नायट्रेट आलं कुठून? बोअर आणि शौचालयाचा शोषखड्डा यांत जेमतेम पंधरा-वीस फूट. पलीकडे उकिरडा. आणि शिवारात दरवर्षी पडणारा युरिया. आमच्या काळ्या दगडाला भेगा आहेत, वरचं सगळं त्यांतून खाली झिरपतं.

आईला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. शेवटी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे घरचं पानी बी वाईट. आन् धरणातलं? ते तपासलास का?"

"नळाला येतं ते चांगलं आहे आई."

"नळाचं नाही इचारत. धरणातलं."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. तीस वर्षं ज्या धरणाला बोल लावला, त्याच्या काठाला पाण्यासाठी म्हणून आम्ही कधी गेलोच नव्हतो.

आधी दारातलं काम केलं. आमचं मंडळ वगैरे काही नाही. नोंदणी नाही, शिक्का नाही. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसतो, एवढंच. पहिला खड्डा माझा बुजवला. दुसऱ्याचा बुजवायला सांगणं त्यामुळे सोपं गेलं. पण मोटारी काढण्यावरून भांडणं झाली. गल्लीच्या शेवटच्या घरांतल्या बाया म्हणाल्या, "तुमी वरच्या अंगाला राहता, तुमाला मोटार काढायला काय जातंय? आमच्या हंड्याचं बूड बी भिजत नाही." त्यांचं खरं होतं. मग गल्लीचे दोन भाग केले, मधे झडप बसवून घेतली, आळीपाळीनं पाणी घ्यायचं ठरलं. वरच्यांना वेळ कमी झाला, खालच्यांना पाणी मिळालं. तोट्या नसलेल्या नळांना तोट्या बसल्या. दोन मोटारी आजही चालतात. का, ते सगळी गल्ली जाणते आणि मीही जाणतो. सगळं सुरळीत झालं असं सांगायला मी आलेलो नाही.

त्यानंतर क्लोरीन. ब्लीचिंग पावडरीला खेड्यात सगळे टीसीएल म्हणतात. हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम, आणि टाकल्यावर अर्धा-पाऊण तास थांबायचं, हा हिशेब. पण पावडर ताजी हवी. पोतं उघडं राहिलं, दमट जागी पडलं, की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. आपण पावडर टाकली म्हणून समाधान मानतो आणि जंतू मजेत असतात. म्हणून नळाला ओटी टेस्ट करायची. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेला हवा. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, ते औषध पोटात जाता कामा नये. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी ही तपासणी गल्लीच्या शेवटच्या नळाला होते, कारण शेवटच्या घरी क्लोरीन पोचला तर तो सगळीकडे पोचला. निकाल पारावरच्या फळ्यावर खडूनं लिहितात. शाळा सुटली तरी फळा माझ्या मागं आहेच!

आणि मग आम्ही माकणीला गेलो. आम्ही सात जण, दोन मोटारसायकली आणि एक जीप. धरण आता धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात; आम्ही पाणी पिणारे लातूर जिल्ह्यातले. काठावर धुणं चाललं होतं, ट्रॅक्टर पाण्यात घालून धूत होते, निर्माल्याच्या पिशव्या कडेला लागल्या होत्या. हे सगळं अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हती ती गाळपेर. पाणी ओसरलं की धरणाचा तळ उघडा पडतो, त्या गाळात पीक घेतात. हिरवंगार पीक, आणि बांधावर डीएपीची रिकामी पोती, कीटकनाशकाचे डबे.

आमच्यातला एक तरुण तावातावानं बोलायला लागला. शेतकरी शांतपणे ऐकत राहिला. मग त्यानं पाण्याकडे हात केला. "तितं आमचं रान होतं. तुमच्या नळाला पानी यावं म्हनून गेलं. आता तळ उघडा पडल्यावर चार महिने पेरतो, ते बी तुमाला बघवंना का?"

श्रोतेहो, या माणसाला मी काय सांगायला हवं होतं? भूकंपात आमचं घर गेलं, धरणात त्याचं रान गेलं. आम्ही दोघंही याच पाण्याचे विस्थापित. मी त्याच्या बांधावर बसलो आणि मला आलं तेवढं सांगितलं.

मी त्याला कॅनडातल्या एका तळ्याची गोष्ट सांगितली. त्या तळ्याला नाव नाही, क्रमांक आहे, २२६. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानं १९७३ मध्ये त्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकलं. दुसऱ्यात तेच, पण जोडीला फॉस्फरस. काही आठवड्यांत फॉस्फरसचा भाग शेवाळानं हिरवागार झाला, पडद्यापलीकडचा स्वच्छ राहिला. डीएपीच्या पोत्यावर १८-४६ लिहिलेलं असतं, त्यातलं ४६ हे याच फॉस्फरसचं माप. पिकानं घेतलं ते घेतलं; उरलेलं मातीला चिकटून पहिल्या पुरात धरणात. मग शेवाळ माजतं, पाण्याला वास येतो, काही शेवाळं तर विषारीही असतात, आणि शुद्धीकरणाला क्लोरीन जास्त लागतो. त्याच ओंटारिओ प्रांतात मुस्कोका नावाचा तळ्यांचा प्रदेश आहे. तिथं उन्हाळ्यात सुट्टीला येऊन राहणाऱ्यांनी १८९४ मध्ये आपली संघटना काढली, ती आजही आहे. त्या प्रांतात साधे नागरिक काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून तळ्यात सोडतात आणि ती किती खोलवर दिसते, ते लिहून ठेवतात. इटलीतल्या सेक्की नावाच्या धर्मगुरूनं १८६५ मध्ये काढलेली युक्ती. ती माणसं सुट्टीत पोहण्यासाठी एवढं करतात. आपण तर हे पाणी पितो.

शेतकऱ्यानं पडद्याची गोष्ट दोनदा विचारून घेतली. शेवटी म्हणाला, "डीएपी न टाकता येतंय का बघतो. फवारणीचं मात्र आत्ता काई सांगत नाही." त्या वर्षी त्यानं हरभरा केला आणि निम्म्या रानात खत टाकलं नाही. दुसऱ्या निम्म्यात टाकलं. मी त्यालाही यशच म्हणतो.

आम्हीही पत्र्याची एक तबकडी रंगवली आहे. एका मासेमाराच्या तराफ्यावरून दर महिन्याला ती पाण्यात सोडतो. पावसाळ्यात ती हातभर खालीही दिसत नाही, थंडीत बरीच खोल दिसते. वहीत लिहून ठेवतो. या वहीला सरकारदरबारी काही किंमत नाही. पण "पाणी खराब झालंय" आणि "मागच्या जानेवारीपेक्षा तबकडी एवढी वर आली" या दोन वाक्यांत फरक आहे, आणि ऐकणाऱ्याला तो कळतो.

मराठवाड्याच्या माणसाला पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारायची सवय लागली आहे: आलं का? त्यात चूक नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आपण विसरलेलो नाही. ज्याच्या दाराशी पाण्याची गाडी येते, तो "कसं आलं?" हे विचारायला धजत नाही. पण दुष्काळात हाच प्रश्न जास्त गरजेचा असतो. धरणात पाणी कमी झालं म्हणून घाण कमी होत नाही. तीच घाण थोड्या पाण्यात दाट होते. पिण्याचं पाणी हा विषय १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ग्रामपंचायतींच्या विषयांत घातलेला आहे. गावातल्या पाण्याच्या जागांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाहणी होते आणि लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कुठलं कार्ड आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तपासणीची पेटी कुठल्या कपाटात आहे? शेवटची बाटली कधी भरली? हे विचारायला पैसे लागत नाहीत.

शेवटी आईचं सांगतो. बोअरचं पाणी बंद केल्यावर तिला नळाचंच पाणी प्यावं लागलं. माकणीचं पाणी. पण तिनं एक अट घातली. पाण्याच्या दिवशी त्या सूनबाईनं परीक्षानळी घेऊन आमच्या अंगणात यायचं आणि आईला रंग दाखवायचा. आई चष्मा लावून बघायची. पिवळा नीट असला तर घागर भरू द्यायची, फिकट वाटला तर म्हणायची, "आज जरा थांबा." एक-दोनदा तिचंच बरोबर निघालं.

मी एकदा तिला म्हणालो, "आई, आता तरी धरणावर विश्वास बसला ना?"

ती म्हणाली, "इस्वास कशाला ठेवू? बघून पिते की."

गेल्या वर्षी ती गेली. धरणाला तिनं शेवटपर्यंत माफ केलं नाही. पण त्याचं पाणी ती रोज पीत होती, तपासून. पारावरच्या फळ्यावर आजही खडूनं रंग लिहिला जातो. आमच्या नातीला आता ते काम जमतं. तिच्या हातावर सलाईनची खूणसुद्धा राहिलेली नाही.

तुमच्या गावात हा फळा नसेल तर एक लावा. सुरुवात आपल्या दारातल्या खड्ड्यापासून करा.